रॉटरडॅमचा उचलता पूल

नदी आणि रस्ता यांचें भांडण फार जुनें आहे. रस्त्यास नदी ओलांडावयाची असते. नदींतून जाणाऱ्या गलबतास मात्र वाटेंत कोणीं आडवें यावें हें खपत नाहीं. खेड्यांतील ओढ्यावर हें भांडण उपजतच नाहीं, कारण ओढ्यांतून गलबतें जात नाहींत. डोंगरी मुलखांत तें सहज मिटतें. दोन्ही तीर उंच असले म्हणजे पूल उंचावरून टाकावा, खालून कोणीहि जावें. परंतु जें शहर समुद्राजवळ, सपाट जमिनीवर, मोठ्या नदीच्या कांठीं वसलेलें असतें, तेथें दोघांचीहि गरज सारखीच निकडीची असते. पूल ठेंगणा बांधावा तर जहाजाची डोलकाठी अडते आणि बंदराचा व्यापार बसतो. पूल उंच बांधावा तर त्यावर चढण्यासाठीं रस्त्यास लांबच लांब चढण द्यावी लागते. आगगाडीस तर तीव्र चढण मुळींच चालत नाहीं. अशा ठिकाणीं मनुष्याच्या बुद्धीनें जो तोडगा काढला तो म्हणजे हलता पूल.

अशा एका पुलाची हकीकत आम्ही या लेखांत आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें मांडणार आहों. हा पूल हॉलंड देशांतील रॉटरडॅम शहराच्या जुन्या गोदीभागांत आहे. आज त्यावरून एकहि गाडी जात नाहीं; तरी त्या शहराचे लोक त्यास जिवापाड जपतात. असें कां, हा प्रश्न वाचकांनीं मनांत ठेवून पुढील मजकूर वाचावा.

प्रथम हलत्या पुलांच्या जाति पाहूं. त्या मुख्यतः तीन आहेत. पहिला फिरता पूल. याचा हलणारा भाग पाण्यांत बांधलेल्या एका भक्कम खांबावर, खुंट्यावर जात्याची वरची तळी बसवावी तसा, बसविलेला असतो. जहाज आलें कीं तो पाव फेरा फिरून प्रवाहाच्या दिशेस समांतर होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनीं वाट मोकळी होते. दुसरा झडपेचा पूल. पेटीचें झांकण उघडावें तसा याचा रस्ता एका टोंकाशीं खिळून दुसऱ्या टोंकानें वर उचलला जातो. लंडन शहरांतील टेम्स नदीवरचा, ३० जून १८९४ रोजीं खुला झालेला टॉवर ब्रिज याच जातीचा होय. त्याच्या दोन झडपांपैकीं प्रत्येकीचें वजन एक हजार टनांहून अधिक आहे, आणि त्या उघडल्या म्हणजे जहाजांस सुमारें ६१ मीटर रुंदीची वाट मिळते. तिसरा उचलता पूल. यांत रस्ता फिरत नाहीं कीं कलंडत नाहीं. दोन मनोऱ्यांच्या मध्यें तो आडवाच्या आडवा, भरली घागर विहिरींतून यावी तसा, सरळ वर चढतो, आणि जहाज गेलें कीं तसाच सरळ खालीं उतरतो. रॉटरडॅम येथील एकाच जलमार्गानें या तिन्ही जातींचे पूल पाहिले आहेत; म्हणूनच आम्हीं धड्यासाठीं तें स्थळ निवडलें आहे.

रॉटरडॅम हें शहर नवी मास या नदीच्या उत्तर तीरावर वाढलें. १८७२ सालीं शहरापासून समुद्रापर्यंत नवा जलमार्ग खुला झाला आणि मोठमोठीं जहाजें थेट शहरापर्यंत येऊं लागलीं. त्याच सुमारास दक्षिणेकडून, म्हणजे बेल्जमच्या बाजूनें, येणारी आगगाडी नदी ओलांडून शहरांत आणावयाची होती, आणि दक्षिण तीरावर फेयेनोर्ड नांवाच्या भागांत नव्या गोद्या बांधावयाच्या होत्या. येथें नदी व रस्ता यांचें भांडण पुरतें पेटलें. त्यावर तोड अशी निघाली कीं, नदीच्या मुख्य पात्रावरील पूल अचलच ठेवावे, आणि उंच जहाजांसाठीं दक्षिणेकडील जमीन कापून एक निराळी वाट खणावी. त्याप्रमाणें १८७० नंतरच्या दशकांत ही वाट तयार झाली. तिला कोनिंग्सहाफन, म्हणजे राजाचें बंदर, असें नांव पडलें. नदी आणि ही नवी वाट यांच्यामध्यें जो जमिनीचा तुकडा राहिला तो आपोआप बेट बनला. आगगाडीस आतां दोन पाणी ओलांडावे लागत होते: नदीवर अचल पूल आणि राजबंदरावर हलता पूल.

हा हलता पूल प्रथम फिरत्या जातीचा होता. फिरत्या पुलाचे गुण पुष्कळ आहेत. परंतु त्याचा एक दोष असा कीं, ज्या खांबावर तो फिरतो तो खांब पाण्यांतच उभा असतो. एक रुंद वाट असावयाची तेथें दोन अरुंद वाटा होतात. जहाजें लहान होतीं तोंपर्यंत हें निभलें. पुढें जहाजें वाढलीं, गाड्याहि वाढल्या, आणि प्रत्येक वेळीं पूल फिरवून पुन्हां जुळविण्यांत जाणारा वेळ दोघांसहि जड होऊं लागला. शेवटीं १९१८ सालीं एक जर्मन जहाज या पुलावर आदळलें व पुलाची मोठी हानि झाली. दुरुस्ती झाली खरी, परंतु ही व्यवस्था बदलली पाहिजे ही गोष्ट तेव्हांपासून सर्वांच्या मनांत पक्की झाली.

नव्या पुलाची आखणी पीटर योस्टिंग या रेल्वेच्या इंजिनियरानें केली. अमेरिकेंत त्या काळीं उचलते पूल बांधले जात होते. तो नमुना त्यानें घेतला. ३१ ऑक्टोबर १९२७ रोजीं हा पूल वाहतुकीस खुला झाला. पश्चिम युरोपांत या जातीचा हा पहिलाच पूल मानला जातो. लोकांनीं त्यास ‘दे हेफ्’ असें नांव दिलें. डच भाषेंत याचा अर्थ केवळ ‘उचल’ असा होतो. मुलांस हांक मारावी तसें हें सुटसुटीत नांव आजहि चालतें.

आतां हा पूल उचलला कसा जातो तें पाहूं. शेंकडों टन वजनाचें पोलाद दिवसांतून अनेक वेळां वर न्यावयाचें म्हणजे केवढी शक्ति लागत असेल, असें प्रथम वाटतें. खरें पाहतां फारच थोडी लागते, आणि याचें मर्म तराजूंत आहे. जलमार्गाच्या दोन्ही बाजूंस पोलादाचा एकेक उंच मनोरा उभा आहे. मनोऱ्यांच्या माथ्यावर मोठमोठालीं खोबणीचीं चाकें बसविलेलीं असून त्यांवरून पोलादी तारांचे जाड दोर जातात. दोरांचें एक टोंक पुलाच्या उचलत्या भागास बांधलेलें असतें. दुसऱ्या टोंकास प्रतिभार, म्हणजे पुलाच्या वजनाची बरोबरी करणारें ओझें, टांगलेलें असतें. पूल वर जातो तेव्हां प्रतिभार खालीं येतो. पूल खालीं येतो तेव्हां प्रतिभार वर जातो. दोन्ही पारडीं समतोल असल्यामुळें विजेच्या मोटारींस पुलाचें सारें वजन उचलावें लागतच नाहीं. चाकांचें घर्षण, वाऱ्याचा जोर आणि जड वस्तूस हालवण्यास व थांबविण्यास लागणारा नेट, एवढ्यांवर मात केली कीं काम झालें. मात्र दोन्ही टोंकें अगदीं सारख्या वेगानें चढलीं पाहिजेत. एक पुढें आणि दुसरें मागें राहिलें तर पूल तिरपा होऊन मनोऱ्यांमध्यें अडकेल.

ज्यांस हें वाचून पटणार नाहीं त्यांनीं घरीं प्रयोग करून पाहावा. दोऱ्याचें रिकामें रीळ भिंतींतील लांब खिळ्यावर सैल बसवावें व त्यावरून सुतळी सोडावी. सुतळीच्या एका टोंकास पाव किलो वाळूची पिशवी बांधावी आणि दुसरें टोंक एका बोटास गुंडाळून ती उचलून पाहावी. बोट दुखूं लागेल. आतां त्या दुसऱ्या टोंकास तितक्याच वजनाची दुसरी पिशवी बांधावी. पहिल्या पिशवीस खालून नुसता बोटाचा स्पर्श केला तरी ती वर चढूं लागेल. आपल्याकडील विहिरीच्या मोटेस दोन बैल कां जुंपावे लागत याचेंहि कारण येथेंच सांपडतें. मोटेच्या दोराच्या दुसऱ्या टोंकास बरोबरीचें ओझें नसतें. म्हणून पाण्याचा सारा भार बैलांच्या मानेवर येतो.

यंत्राइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिस्त. हलत्या पुलावर सर्वांत मोठें भय असें कीं, पूल वर असतां एखादी गाडी धांवत यावी. म्हणून अशा पुलांवर नियम असा असतो कीं, आधीं दोन्ही बाजूंचे सिग्नल बंद व्हावे, मगच पुलाच्या कड्या सुटाव्या. आणि पूल पुन्हां बसून कड्या पक्क्या झाल्यावांचून गाडीस वाट मिळूं नये. गाड्यांचें वेळापत्रक ठरलेलें असतें, जहाजांचें भरती-ओहोटीवर अवलंबून असतें. दोन गाड्यांमधील मोकळ्या मिनिटांत पूल चढवून, जहाज काढून, पुन्हां उतरवावयाचा, हें काम पुलावरील माणसांनीं १९२७ पासून सहासष्ट वर्षें केलें. पॅरिसकडे जाणारा प्रवासी असो वा कोळशाचें गलबत असो, ज्याची पाळी आली त्यानें जावें आणि दुसऱ्यानें थांबावें, हा तेथला कायदा होता.

या पुलाची कीर्ति लवकरच देशाबाहेर गेली. १९२८ सालीं योरिस इव्हेन्स या तरुण डच चित्रपटकारानें ‘पूल’ याच नांवाचा एक लहान मूकपट त्यावर काढला. त्यांत ना नायक आहे ना कथा; गाडी येते, थांबते, पूल चढतो, जहाजें जातात, पूल उतरतो, गाडी पुढें निघते, एवढेंच. तरी तो मूकपट चित्रपटाच्या इतिहासांत आजवर नांवाजला जातो. १९२९ सालीं याच जलमार्गावर, हेफ् पुलाच्या शेजारींच, रस्त्यावरील वाहनांसाठीं दोन झडपांचा नवा पूल झाला. त्याचें नांव राणीचा पूल. अशा रीतीनें फिरता, उचलता आणि झडपेचा, हे तिन्ही प्रकार राजबंदरानें अर्ध्या शतकाच्या आंत-बाहेर पाहिले.

यानंतर त्या शहरावर फार दुर्धर प्रसंग आला. मे १९४० मध्यें जर्मन सैन्यानें हॉलंडवर स्वारी केली. रॉटरडॅमच्या पुलांचा ताबा मिळविण्यासाठीं चार दिवस लढाई झाली, आणि १४ मे रोजीं शहराच्या मध्यभागावर विमानांतून बाँबचा वर्षाव झाला. बाँबनें जें वांचलें तें आगीनें खाल्लें. सुमारें साडेआठशें माणसें मेलीं आणि ऐंशीं हजारांच्या आसपास लोक निराश्रित झाले. जुनें शहर म्हणून जें कांहीं होतें तें जवळ जवळ सारें एका दुपारीं नाहींसें झालें. युद्धानंतर शहर पुन्हां बांधलें गेलें तें नव्याच आखणीनें. ज्यांनीं जुनें शहर पाहिलें होतें त्यांस ओळखीची खूण म्हणून थोड्याच वस्तु उरल्या. त्यांत राजबंदरावरील दोन मनोरे होते. गल्ल्या गेल्या, बाजार गेला, शेजारी गेले, पण पूल मात्र पूर्वींसारखा चढत-उतरत होता. ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे पुढील हकीकतीचा अर्थ नीट समजतो.

१९९३ सालीं नदीच्या खालून आगगाडीचा बोगदा खुला झाला. नदी आणि रस्ता यांचें भांडण त्या ठिकाणीं कायमचें मिटलें; गाड्या खालून आणि जहाजें वरून जाऊं लागलीं. नदीवरील जुना आगगाडीचा पूल पाडण्यांत आला. हेफ्‌हि पाडावा असें ठरत होतें. पाडावा म्हणणाऱ्यांचें म्हणणें पोकळ नव्हतें. खाऱ्या वाऱ्यांत पोलाद गंजतें, रंग द्यावा लागतो, दोर व चाकें जपावीं लागतात; ज्या पुलावरून कोणी जात नाहीं त्यावर दरसाल पैसा कां खर्चावा? परंतु शहरवासीयांनीं मोठा विरोध केला. शेवटीं पूल राहिला. त्याचा उचलता भाग जहाजांस अडथळा नको म्हणून वरच ठेवण्यांत आला, आणि २००० सालीं त्यास राष्ट्रीय स्मारक म्हणून मान्यता मिळाली. २०१४ सालीं तो भाग उतरवून दुरुस्तीस नेण्यांत आला व २०१७ सालीं पुन्हां जागेवर बसविला गेला.

पुलाची खरी परीक्षा मात्र यानंतर झाली. रॉटरडॅमच्या वरच्या अंगास जहाजें बांधण्याचे कारखाने आहेत. तेथें ॲमेझॉन या व्यापारी कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांच्यासाठीं १२७ मीटर लांबीचें, तीन डोलकाठ्यांचें एक विलासी गलबत तयार होत होतें. त्याच्या डोलकाठ्या इतक्या उंच होत्या कीं, पूर्ण वर चढविलेल्या पुलाखालूनहि त्या जाईनात. फेब्रुवारी १९२२ नव्हे, २०२२ मधील ही गोष्ट आहे, हें मुद्दाम सांगतों. कारण ती जुन्या कथेसारखी वाटते. गलबतास वाट देण्यासाठीं पुलाचा मधला भाग कांहीं काळ उतरवून ठेवावा, खर्च गलबताच्या बाजूनें व्हावा, अशी योजना असल्याचें वर्तमान पसरलें. या कामानें कारागिरांस रोजगार मिळतो, पूल पुन्हां जोडला जाईल, मग बिघडलें काय, असें कांहीं जण म्हणत. परंतु दुरुस्तीनंतर पूल पुन्हां सोडविला जाणार नाहीं असें आश्वासन मिळालें होतें, याची आठवण लोकांनीं करून दिली. गलबत पुलाजवळून जाईल त्या दिवशीं त्यावर नासकीं अंडीं फेंकूं, असा बेत हजारों लोकांनीं जाहीर केला. अंडीं फेंकण्याच्या बेताची आम्ही भलावण करीत नाहीं. परंतु त्यामागील भावना काय होती हें पाहिलें पाहिजे. जुलै महिन्यांत, पूल सोडविण्याची परवानगी आपण मागणार नाहीं असें जहाज बांधणाऱ्या कंपनीनें कळविलें. ऑगस्टमध्यें तें गलबत डोलकाठ्या न उभारतांच, दुसऱ्या लांबच्या वाटेनें ओढून नेण्यांत आलें. पूल जागचा हालला नाहीं.

या प्रसंगांत एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वाट देणें हा तर या पुलाचा धर्मच होता. सहासष्ट वर्षें तो लहानमोठ्या सर्व जहाजांसाठीं वर चढला, आणि त्यांत त्याचें किंवा शहराचें कांहीं उणें झालें नाहीं. मग या एका गलबतास लोकांनीं नकार कां दिला? आमच्या मतें याचें उत्तर असें कीं, वाट देणें निराळें आणि मोडून बाजूस होणें निराळें. पूर्वीं जी वाट मिळे ती सर्वांस एकाच नियमानें मिळे. कोळशाच्या गलबतासहि आणि धनिकाच्या गलबतासहि. येथें नियमच एका माणसापुरता सोडविण्याची गोष्ट होती. ज्या शहरानें एका दुपारीं आपलें सर्वस्व जळतांना पाहिलें, तें उरलेली खूण दुसऱ्याच्या सोयीखातर सोडविण्यास तयार होईना, यांत नवल नाहीं.

आमच्या वाचकांस हें सारें दूरदेशचें वाटूं नये. रामेश्वराच्या यात्रेस गेलेल्या किती तरी मराठी कुटुंबांनीं पांबनची सामुद्रधुनी अशाच एका हलत्या पुलावरून ओलांडली आहे. १९१४ सालीं खुला झालेल्या त्या आगगाडीच्या पुलाचा मधला भाग झडपेच्या जातीचा होता आणि तो माणसें हातांनीं दांडे फिरवून उघडीत. डिसेंबर १९६४ च्या भयंकर वादळांत प्रवाशांनीं भरलेली एक गाडी समुद्रांत गेली व पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले. परंतु तो उघडता भाग टिकला, आणि ई. श्रीधरन या तरुण इंजिनियराच्या देखरेखीखालीं अवघ्या ४६ दिवसांत पूल पुन्हां उभा राहिला. डिसेंबर २०२२ मध्यें त्यावरील वाहतूक थांबली. ६ एप्रिल २०२५ रोजीं शेजारीं नवा पूल खुला झाला, त्याचा ७२.५ मीटर लांबीचा मधला भाग रॉटरडॅमच्या हेफ्‌प्रमाणेंच दोन मनोऱ्यांमध्यें सरळ वर चढतो. यावरून शंभर वर्षांची ती युक्ति जुनी झाली तरी निकामी झालेली नाहीं हें दिसून येईल. त्याचबरोबर, काम सरलेल्या जुन्या पुलाचें काय करावें, हा रॉटरडॅमचा प्रश्न आमच्याहि दारांत आला.

या प्रश्नाचें सर्व ठिकाणीं लागू पडेल असें एकच उत्तर नाहीं. प्रत्येक जुनी वस्तु राखूं म्हटलें तर नव्यास जागा उरणार नाहीं; रॉटरडॅमनेंहि नदीवरचा जुना पूल पाडलाच. परंतु पाडण्यापूर्वीं तिनें कोणाचें ओझें किती वर्षें वाहिलें, तिच्यावर किती जणांचे हात राबले, आणि ती गेल्यावर त्या ठिकाणाची ओळख काय उरेल, एवढें तरी विचारावें. आपल्या गांवीं बंद पडलेली गिरणी असेल, दगडी पूल असेल, मोटेची विहीर असेल. पुढील सुटींत विद्यार्थ्यांनीं त्यांपैकीं एखादी वस्तु नीट न्याहाळावी, ती कशी चालत असे हें वडील माणसांस विचारावें, आणि तें लिहून ठेवावें. ज्यांनीं ती चालविली ते हयात आहेत तोंवरच हें काम होऊं शकतें.